घरच्या राज्यातले विद्यापीठ : अमेरिकेतील ‘इन-स्टेट’ शिक्षणाचा हिशेब

अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांची दोन दरपत्रके असतात. एक त्या राज्यातील रहिवाशांसाठी, दुसरे बाहेरून येणाऱ्यांसाठी. पहिल्याला ‘इन-स्टेट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘आउट-ऑफ-स्टेट’. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवीही तीच. पण शेजारी बसलेल्या दोघांच्या फीमध्ये दुपटी-तिपटीचा फरक असतो. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ या वर्षी चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठांची सरासरी छापील फी राज्यातील विद्यार्थ्याला ११,६१० डॉलर होती, तर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला ३०,७८०. खासगी विद्यापीठांची सरासरी ४३,३५० होती. राज्यातल्या आणि बाहेरच्या फीमधला फरक वर्षाला १९,१७० आणि चार वर्षांत ७६,६८० डॉलर होतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, जॉर्जिया अशा राज्यांत स्थिरावलेल्या हजारो मराठी कुटुंबांसाठी घराच्या कर्जानंतरचा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय बहुधा हाच असतो. तरीही अनेक घरांत त्याचा विचार मूल बारावीत गेल्यावरच सुरू होतो.

दोन दर कुठून आले

या व्यवस्थेचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. २ जुलै १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्याचा जो प्रतिनिधी किंवा सिनेटर काँग्रेसमध्ये असेल, त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्याला द्यायची, ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवायची, अशी ही योजना होती. त्यातली बरीच जमीन मूलनिवासी जमातींकडून हिरावून घेतलेली होती, हेही या इतिहासाचा भाग आहे. पर्ड्यू, पेन स्टेट, मिशिगन स्टेट, रटगर्स ही आज मराठी घरांत सर्रास उच्चारली जाणारी नावे याच ‘लँड-ग्रँट’ परंपरेतली आहेत.

राज्याच्या तिजोरीतून विद्यापीठ चालते, तिजोरी राज्यातील करदाते भरतात, म्हणून त्यांच्या मुलांना कमी फी, असे या दोन दरांमागचे तत्त्व आहे. इन-स्टेट फी ही कोणी दाखवलेली मेहेरबानी नव्हे. त्या कुटुंबाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी करातून आधीच भरलेला तो हप्ता आहे. कॅलिफोर्नियाने हे तत्त्व सर्वांत स्पष्टपणे मांडले. तिथल्या विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने १९६० साली झालेल्या ‘मास्टर प्लॅन’ने राज्यातील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना स्टेट युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या सर्वांना कम्युनिटी कॉलेज अशी रचना आखून दिली. पुढे राज्यांचे अनुदान आटत गेले, तसा खर्चाचा भार फीवर आला.

दोन दरांना न्यायालयातही आव्हान दिले गेले. कमी फीसाठी राज्यात आधी एक वर्ष राहिले पाहिजे, ही मिनेसोटाची अट १९७१ साली ‘स्टार्न्स विरुद्ध माल्कर्सन’ खटल्यात टिकली. मात्र एकदा बाहेरचा म्हणून प्रवेश घेतला की शिक्षण संपेपर्यंत तो बाहेरचाच, हा कनेटिकटचा नियम १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ खटल्यात रद्द केला. रहिवास सिद्ध करण्याची संधी मिळालीच पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ. आजचे बहुतेक नियम या दोन निकालांच्या चौकटीत बसतात.

रहिवास : नुसते राहणे पुरेसे नाही

बहुतेक राज्यांत दोन गोष्टी पाहिल्या जातात. सत्र सुरू होण्याआधी सलग बारा महिने राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य आणि तिथेच कायम राहण्याचा हेतू. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा रहिवास आईवडिलांवरून ठरतो. त्यामुळे मुलाने एकट्याने दुसऱ्या राज्यात जाऊन, खोली भाड्याने घेऊन, वर्षभर राहून इन-स्टेट होण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये तर ३६६ दिवसांच्या वास्तव्याखेरीज, पालक राज्याबाहेर असतील तर विद्यार्थी आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी असल्याचेही सिद्ध करावे लागते.

हेतू कागदांवरून ठरतो. त्यासाठी घरात एक फाइल तयार असावी. घराचा भाडेकरार किंवा खरेदीखत, राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, राज्यात भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरीचे पत्र, वीज-पाण्याची बिले आणि मूल राज्यातील शाळेत शिकत असल्याचा दाखला, असे कागद तिच्यात असतात. या कागदांवरच्या तारखांत मेळ लागतो. नवीन राज्यात घर घेतले, पण लायसन्स आठ महिने जुन्याच राज्याचे राहिले, तर विद्यापीठाचे रजिस्ट्रार कार्यालय नेमके त्याच आठ महिन्यांवर बोट ठेवते. आयटीतील नोकरीमुळे मूल अकरावी-बारावीत असताना राज्य बदलावे लागले, तर बारा महिन्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होईल अशी तजवीज करावी. मूल विद्यापीठात असताना पालकांनी राज्य सोडले, तर अनेक राज्ये शिक्षणात खंड पडला नसल्यास जुना दर चालू ठेवतात. पण नियम राज्यागणिक वेगळा असल्याने बदली स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे.

व्हिसाचा प्रश्न : एका घरात दोन नियम

भारतीय कुटुंबांपुढची मोठी अडचण इथे येते. टेक्सास, कॅलिफोर्नियासह अनेक राज्ये एच-१बी व्हिसावरील पालकांना आणि त्यांच्या एच-४ व्हिसावरील मुलांना रहिवासी मानतात, कारण या व्हिसावर स्थायिक होण्याचा हेतू ठेवता येतो. त्यामुळे अशा मुलांना इन-स्टेट फी मिळू शकते. केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य मात्र मिळत नाही. पेल ग्रँट ही न फेडायची मदत आणि केंद्रीय कर्ज, ही दोन्ही नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या गटांपुरती आहेत.

इथे पालकांचा नव्हे, विद्यार्थ्याचा दर्जा पाहिला जातो. पुण्यात जन्मून चौथ्या वर्षी आईवडिलांबरोबर गेलेली थोरली मुलगी या साहाय्याला अपात्र आणि न्यू जर्सीत जन्मलेला धाकटा भाऊ पात्र, अशी स्थिती एकाच घरात असू शकते. उत्पन्न एक, घर एक, कर एकच. पण दोन मुलांच्या शिक्षणाचे अंदाजपत्रक दोन तऱ्हांनी मांडावे लागते.

दुसरी अडचण वयाची. एच-४ व्हिसाचा आश्रितपणा २१व्या वाढदिवशी संपतो, आणि हा वाढदिवस बहुधा पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांच्या मर्यादेत असल्याने भारतीयांची रांग अतिशय लांबली आहे, आणि तोवर मूल रांगेतून बाहेर पडते. मग त्याला एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-१ विद्यार्थ्याला रहिवासी न मानणाऱ्या राज्यांत फी एका सत्रात दुप्पट-तिप्पट होऊ शकते. बालवाडीपासून जे राज्य आपले मानले, तिथेच मूल कागदोपत्री परके ठरते. हा अन्याय दूर करणे कुटुंबाच्या हातात नाही. तो धक्का सोसण्याची तयारी ठेवणे मात्र आहे. अशा मुलाच्या बाबतीत व्हिसा बदलल्यावर फीचा दर काय राहील, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारावे आणि शेवटच्या दीड-दोन वर्षांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. धोरणे बदलतात, याचाही विसर पडू नये. व्हिसाची कागदपत्रे नसलेल्या, पण राज्यात वाढलेल्या मुलांना इन-स्टेट फी देणारा टेक्सासचा २००१ सालचा कायदा जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने निष्प्रभ झाला.

फी कमी, खर्च मोठा

इन-स्टेट दर हाती आला की अर्धी लढाई जिंकली, असा समज सगळीकडे आढळतो. आकडे वेगळे सांगतात. २०२४-२५ मध्ये सरासरी फी ११,६१० डॉलर असताना सार्वजनिक विद्यापीठातील राहण्या-जेवण्याचा सरासरी खर्च १३,३१० डॉलर होता. पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्च धरून राज्यातील विद्यार्थ्याचे वर्षाचे अंदाजपत्रक सरासरी २९,९१० डॉलरवर जात होते. म्हणजे फी ही एकूण खर्चाच्या दोन पंचमांशांहूनही कमी. चार वर्षांचा हिशेब, दरवाढ न धरताही, १,१९,६४० डॉलर होतो.

खर्च कमी करण्याच्या वाटा म्हणूनच फीच्या बाहेर जास्त सापडतात. मूल घरून ये-जा करू शकत असेल, तर सर्वांत मोठा आकडा जवळपास गळून पडतो. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढणे ही दुसरी वाट. तिथली सरासरी फी ४,०५० डॉलर होती. दोन वर्षे तिथे आणि दोन वर्षे विद्यापीठात, असे केल्यास नुसत्या फीत १५,१२० डॉलर वाचतात आणि शेवटी पदवी विद्यापीठाचीच मिळते. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, फ्लोरिडा या राज्यांत कम्युनिटी कॉलेजातून राज्याच्या विद्यापीठात जाण्याच्या वाटा नियमांनी आखलेल्या आहेत. मात्र प्रत्येक विषयाचे क्रेडिट विद्यापीठ कशासाठी मोजणार, हे विषय निवडतानाच तपासावे लागते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाने चुकीचे गणित घेतले, तर वाचवलेले पैसे जादा सत्रात खर्च होतात.

तिसरी वाट वेळेची आहे. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे दर सत्रात १५. साहाय्याच्या नियमांत १२ क्रेडिट घेणाराही ‘पूर्णवेळ’ धरला जातो, आणि अनेक मुले तेवढ्यावरच थांबतात. बारा-बाराने गेल्यास पदवीला पाच वर्षे लागतात. या पाचव्या वर्षाच्या खर्चापुढे बऱ्याच शिष्यवृत्त्या फिक्या पडतात. शाळेत असतानाच एपी (कॉलेजपातळीच्या विषयांची) परीक्षा किंवा ड्युअल एन्रोलमेंट (शाळेबरोबरच कॉलेजचे वर्ग) यांतून मिळवलेली क्रेडिट इथे कामाला येतात, पण तीही विद्यापीठाने मान्य केली तरच.

राज्याची देणगी आणि तिच्या अटी

अनेक राज्ये फीच्या सवलतीपलीकडे जाऊन आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात. जॉर्जियाने १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू केली. ती शाळेतल्या ३.० सरासरी गुणांवर मिळते आणि कॉलेजातही ती सरासरी टिकवावी लागते. फ्लोरिडाची ‘ब्राइट फ्यूचर्स’ १९९७ची. टेनेसीने ‘टेनेसी प्रॉमिस’मधून २०१५ पासून कम्युनिटी कॉलेजची फी माफ केली. न्यू जर्सीत ‘एनजे स्टार्स’ ही योजना शाळेतील वरच्या १५ टक्के मुलांची काउंटी कॉलेजची फी भरते.

अटी न वाचता घेतलेली देणगी अंगावर येते. न्यूयॉर्कची २०१७ सालची ‘एक्सेल्सियर’ शिष्यवृत्ती १,२५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सार्वजनिक विद्यापीठाची फी देते. पण वर्षाला ३० क्रेडिट पूर्ण करावी लागतात, आणि जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे पदवीनंतर न्यूयॉर्कमध्येच राहावे लागते. आधी राज्य सोडले तर शिष्यवृत्तीचे रूपांतर कर्जात होते. पहिली नोकरी कॅलिफोर्नियात मिळण्याची आशा बाळगणाऱ्या मुलाने ही अट प्रवेशाच्या दिवशीच लक्षात घ्यायला हवी.

प्रवेशातही काही राज्ये आपल्या मुलांचा वाटा राखतात. टेक्सासने १९९७ साली शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेशाचा कायदा केला. ऑस्टिनच्या विद्यापीठात गर्दी इतकी झाली, की तिथली मर्यादा २०२६च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली. पण विद्यापीठातला प्रवेश म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधला प्रवेश नव्हे. शाखा वेगळी मिळवावी लागते. घरच्या राज्याच्या मुख्य विद्यापीठात जागा मिळेलच, हे गृहीत धरून आखलेली योजना म्हणूनच लंगडी असते.

हवा तो विषय राज्यात नसेल तर प्रादेशिक करार आहेत. पश्चिमेकडील राज्यांच्या ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’मध्ये शेजारच्या राज्यातील विद्यार्थ्याला तिथल्या रहिवासी फीच्या जास्तीत जास्त दीडपट फी लागते. दक्षिणेतल्या ‘अकॅडमिक कॉमन मार्केट’मध्ये आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम इन-स्टेट दराने घेता येतो. नामांकित विद्यापीठे मात्र अशा करारांतून बरेचदा बाहेर राहतात.

फाफ्सा : कुटुंबाची ऐपत ठरवणारा अर्ज

केंद्राचे, बहुतेक राज्यांचे आणि विद्यापीठांचे साहाय्य ‘फाफ्सा’ या एकाच मोफत अर्जातून सुरू होते. त्यावरून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ हा आकडा निघतो. २०२४-२५ पासून जुन्या ‘अपेक्षित कौटुंबिक वाट्या’ची जागा त्याने घेतली. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे मोजले जाते. २०२६च्या शरदात प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी २०२४चे, म्हणजे त्याच्या दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचे. त्या वर्षी शेअर विकून मोठा नफा घेतला, तर तो थेट या आकड्यात उतरतो.

पालकांच्या मोजल्या जाणाऱ्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के आणि मुलाच्या नावावरील मालमत्तेचा २० टक्के भाग शिक्षणासाठी उपलब्ध आहे, असे सूत्र धरते. म्हणून बचत मुलाच्या नावावर ठेवणे बहुधा तोट्याचे ठरते. राहते घर आणि निवृत्तीची खाती मोजली जात नाहीत. पण राहत्या घराखेरीजची स्थावर मालमत्ता मोजली जाते, मग ती जगात कुठेही असो. पुण्यातला भाड्याने दिलेला एक लाख डॉलर किमतीचा फ्लॅट या सूत्रात वर्षाला ५,६४० डॉलरपर्यंतची ऐपत वाढवतो. भारतातल्या मुदत ठेवींचेही तसेच. त्या लपवणे हा गुन्हा आहे; त्या मोजल्या जाणार हे धरूनच योजना करावी. दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असतील तर अपेक्षित वाटा विभागण्याची जुनी सवलत नव्या केंद्रीय सूत्रात उरलेली नाही. पाठोपाठच्या भावंडांच्या घरांना हा बदल जड जातो.

पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे आणि ती कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. मध्यम उत्पन्नाच्या, दोघेही कमावत्या घराला ती सहसा मिळत नाही. तरीही अर्ज भरणे टाळू नये, कारण केंद्रीय विद्यार्थी कर्ज आणि अनेक राज्यांची साहाय्ये त्याशिवाय मिळत नाहीत.

बचत, कर आणि कर्ज

बचतीचे मुख्य साधन म्हणजे ‘५२९ खाते’. करकायद्याच्या ज्या कलमाने १९९६ साली त्याला मान्यता दिली, त्याचाच हा क्रमांक. यात गुंतवलेल्या रकमेवरची वाढ शिक्षणासाठी काढल्यास करमुक्त असते, दुसऱ्या कशासाठी काढल्यास वाढीवर कर आणि दहा टक्के दंड. कुठल्याही राज्याचे खाते उघडता येते, पण न्यूयॉर्कसारखी राज्ये आपल्याच योजनेतील गुंतवणुकीवर राज्याच्या करात वजावट देतात. कॅलिफोर्निया देत नाही. उरलेले पैसे भावंडाच्या नावे वळवता येतात, आणि २०२४ पासून किमान पंधरा वर्षे जुन्या खात्यातील ३५,००० डॉलरपर्यंतची रक्कम, वार्षिक मर्यादा पाळून, मुलाच्या रॉथ निवृत्ती खात्यात नेता येते. फ्लोरिडा, टेक्सास अशा काही राज्यांत आजच्या दराने उद्याची इन-स्टेट फी आगाऊ विकत घेण्याच्या योजनाही आहेत.

करात ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’ सवलत चार वर्षे, दरवर्षी २,५०० डॉलरपर्यंत मिळते. तिच्यासाठी ४,००० डॉलर फी ५२९ खात्याबाहेरच्या पैशांतून भरलेली असावी लागते, कारण एकाच खर्चावर दोन सवलती घेता येत नाहीत. पतिपत्नींचे एकत्र उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेले की ती घटते आणि १,८०,०००ला संपते.

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्रीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० डॉलर, असे चार वर्षांत २७,००० मिळू शकते. पालकांच्या ‘पॅरेंट प्लस’ कर्जावर २०२५च्या कायद्याने जुलै २०२६ पासून मर्यादा आणली आहे : एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर.

विद्यापीठाचे साहाय्यपत्र नीट वाचता आले नाही, तर हे आकडे फसवतात. समजा, वर्षाचा खर्च ३०,००० डॉलर आहे. पत्रात विद्यापीठाची देणगी ४,०००, राज्याची शिष्यवृत्ती ३,०००, विद्यार्थी कर्ज ५,५००, पॅरेंट प्लस १७,५०० आणि खाली ‘शिल्लक शून्य’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात फुकट मिळणारे फक्त ७,००० आहेत. उरलेले २३,००० कुटुंबच भरणार, आज किंवा व्याजासह उद्या. शिवाय १७,५०० दराने चार वर्षांत ७०,००० होतात, आणि नव्या मर्यादेमुळे चौथ्या वर्षी कर्ज ५,००० डॉलरने कमी पडते. खर्चातून फक्त न फेडायच्या रकमा वजा करून उरते ती निव्वळ किंमत. दोन विद्यापीठांची तुलना याच आकड्याने करावी. २०११ पासून प्रत्येक विद्यापीठाला ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ देणे बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधीच त्यात घरचे आकडे घालून पाहता येतात. काही वेळा गुणवान मुलाला दुसऱ्या राज्यातील विद्यापीठ किंवा एखादे खासगी कॉलेज देणगी देऊन घरच्या विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडते, हे असे केल्यानेच कळते.

कामांचा क्रम

मूल लहान असताना ५२९ खाते उघडावे, पण निवृत्तीची बचत थांबवून नव्हे. शिक्षणासाठी कर्ज मिळते, म्हातारपणासाठी मिळत नाही. नववीत राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या गुणांच्या अटी वाचाव्यात, कारण सरासरी तेव्हापासून मोजली जाते. दहावीच्या जानेवारीपूर्वी उत्पन्न आणि मालमत्तेचा आढावा घ्यावा. अकरावीत रहिवासाची फाइल पूर्ण करावी, दोन-तीन विद्यापीठांच्या निव्वळ किमती काढाव्यात आणि दरवर्षी किती देणे शक्य आहे तो आकडा मुलाला स्पष्ट सांगावा. पसंतीच्या विद्यापीठाचे स्वीकृतिपत्र हातात आल्यावर तो सांगण्यात फार दुःख असते. बारावीत ऑक्टोबरमध्ये फाफ्सा उघडला की लगेच भरावा, कारण काही राज्यांचा निधी आधी येणाऱ्याला आधी मिळतो. वसंतात साहाय्यपत्रे आली की तुलना करावी, परिस्थिती बदलली असेल तर फेरविचाराचा अर्ज द्यावा आणि १ मेपर्यंत निर्णय कळवावा. त्यानंतर फाफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा, शिष्यवृत्तीची सरासरी दर सत्रात तपासायची आणि रहिवासाचे कागद पदवी हाती पडेपर्यंत जपायचे.